कोरडा ब्रश
लग्नानंतर बंद पडलेली रंगपेटी चाळिशीत पुन्हा उघडली. अब्बा पूर्वी दुकानांचे बोर्ड रंगवायचे. आता हात थरथरतो, पण शिकवतात तेच. "बेटा, ब्रश आधी फडक्याला पूस. रंग कमी, पाणी त्याहून कमी." मग खरखरीत कागदावर ब्रश आडवा ओढायचा, रंग उंचवट्यांना लागतो, खळगे पांढरेच राहतात. बीबीच्या मकबऱ्याचा विटका गिलावा असाच साधतो. (घुमट संगमरवरी, भिंतींवर बराचसा चुनाच!) खाली जलरंगाचा पातळ हात, तो वाळल्यावर वर गुआशचा दाट पांढरा. काल अब्बांनी स्वतःहून ब्रश मागितला, कितीतरी वर्षांनी. तीन-चार फटकारे मारले नि म्हणाले, "गिलावा जमला. मिनार मात्र तू जाड केलास."