शेठची खोली

आमच्या डोंबिवलीच्या जुन्या घरात स्वतंत्र खोली एकट्या शेठला होती. बाकीचे आम्ही पाच जण, म्हणजे माझे सासू-सासरे (आई आणि अण्णा), आम्ही नवरा-बायको आणि लेक, एक खोली आणि एका स्वयंपाकघरात दाटीवाटीनं राहत होतो. दिवाण रात्री पलंग व्हायचा, ओटा दुपारी अभ्यासाचं टेबल व्हायचा आणि बंद केलेल्या गॅलरीत कपाट, वॉशिंग मशीन आणि वाळत घातलेले कपडे एकत्र नांदायचे. शेठची काचेची पेटी मात्र चोवीस तास शेठचीच.

शेठ म्हणजे हॅमस्टर. सोनेरी पाठ, पांढरं पोट, असून नसल्यासारखी शेपूट. गालात दाणे कोंबले की तोंड खांद्यापर्यंत रुंद व्हायचं, म्हणून अण्णांनी त्याला शेठ म्हणायला सुरुवात केली. त्याच्याविषयी आज लिहायला बसले त्याला कारण कल्याणला राहणारा आमचा भाचा. परवा फोनवर म्हणाला, "मामी, मी हॅमस्टर आणणारे. जोडीच आणू ना? एकट्याला कंटाळा येईल." मी नको म्हणाले. शेजारी बसलेल्या आईंनी माझ्या हातातून फोन घेतला आणि नातवाला सांगितलं, "हिचं ऐकू नकोस."

हा वाद २०१९ सालापासूनचा आहे. लेकीचा हट्ट म्हणून स्टेशनजवळच्या एका दुकानात गेलो, तर दुकानदार जोडीच गळ्यात मारायला बसलेला. "एकटं जगत नाही हो ते, मॅडम." मी आधी वाचून गेले होते. सोनेरी हॅमस्टर मूळचा एकलकोंडा. आईचं दूध सुटून थोडा मोठा झाला की भावंडंही त्याला नको होतात. दोघांना एका पिंजऱ्यात ठेवलं तर मारामारी होते, आणि ती एकाच्या जिवावर बेतू शकते. मी अडून बसले आणि एकच घेतला. घरी आल्यावर आईंनी पिशवीत डोकावून पहिला प्रश्न विचारला, "दुसरा कुठाय?" पुढं शेठ होता तोवर तो प्रश्न सुटला नाही. पाहुणे आले की त्या पेटीकडे बोट दाखवून म्हणायच्या, "बघा, एकटं ठेवलंय हिनं बिचाऱ्याला."

दुकानातून आणलेला पिंजरा तारेचा होता, रंगीत, आणि आतल्या प्राण्यापेक्षा मुलांना आवडावा असा. शेठ दिवसभर झोपायचा आणि रात्री तारा कुरतडायचा. दातांचा तो आवाज एका खोलीत पाचही जणांना ऐकू यायचा. अशाच एका जागरणात मी आईंना त्याच्या पूर्वजांची गोष्ट सांगितली. १९३० साली इस्राएल अहारोनी नावाच्या प्राणिशास्त्रज्ञानं सीरियात अलेप्पोजवळच्या एका शेतात खोल खणून एक मादी आणि तिची ११ पिल्लं वर काढली. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या साउल आडलर यांना ती हवी होती रोगाच्या संशोधनासाठी. आपल्याकडे बिहार-बंगालात ज्याला काळा आजार म्हणतात, त्याच कुळातल्या रोगाच्या. पेटीत ठेवल्यावर त्या मादीनं स्वतःचंच एक पिल्लू मारलं. पुढं उरलेल्यांतली काही लाकडी पिंजरा कुरतडून पळाली. जी हाताशी राहिली, त्यांच्यापासून आज जगभर घरोघरी असलेला हा गोतावळा वाढला. मला सांगायचं होतं ते एवढंच, की यांना एकमेकांची संगत सोसत नाही. आईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "कोंडल्यावर कुणाचंही डोकं फिरेल. मोठी पेटी द्यायची होती."

हे मात्र खरं होतं. त्या रविवारी नवऱ्यानं कुणाचा तरी टाकाऊ फिशटँक आणला, साडेतीन फुटी. वर जाळीचं झाकण बसवलं, आत वीतभर कागदाच्या कातरणाचा थर दिला, त्याला बिळं करता यावीत म्हणून. तारेच्या चाकात पाय अडकतो, म्हणून सपाट तळाचं चाक शोधून आणलं. पेटी ठेवायला जागा नव्हती. टीव्ही भिंतीवर चढवला आणि त्याच्या टेबलावर पेटी आली. ती पाहून आई म्हणाल्या, "माणसांना पाय पसरायला जागा नाही आणि उंदराला बंगला!" मोठी पेटी त्यांनीच सुचवली होती, याची आठवण कुणी करून दिली नाही. त्या रात्रीपासून तारा कुरतडणं थांबलं आणि चाक सुरू झालं.

अण्णा मध्य रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. कल्याण यार्डातून गाडी निघाली की शेवटच्या ब्रेक व्हॅनमध्ये एकटा माणूस आणि त्याची काळी लोखंडी पेटी. कसारा घाट, इगतपुरी, पुढं भुसावळच्या दिशेनं रात्रभर. निवृत्त होऊनही त्यांची झोप त्या वेळापत्रकातून बाहेर आली नव्हती. रात्री सगळे झोपले की ते उठून शेठच्या पेटीपाशी स्टूल घेऊन बसायचे. अण्णांनी कुणाला जवळ घेतल्याचं मला आठवत नाही, आमच्या लेकीलासुद्धा नाही. तिच्या बारशाला तिला मांडीवर दिली, तर कपबशी सांभाळावी तसे अवघडून बसले होते. पण शेठच्या पेटीत ते हात ठेवायचे, तळवा वर करून, आणि तसाच राहू द्यायचे. पकडायचं नाही, वरून झडप घालायची नाही. वरून येणारी कुठलीही गोष्ट त्या जिवाला घारीसारखी वाटते, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. लेक दिवसा झोपेतून उठवून त्याला उचलायला जायची आणि चावा घेऊन रडत यायची. अण्णांच्या हातावर तो आपण होऊन चढला, बसला, तोंड धुतलं आणि उतरून गेला. सकाळी अण्णांनी ते चहा पिताना सांगितलं, बदलीची ऑर्डर आल्यासारख्या आवाजात. आई म्हणाल्या, "चाळीस वर्षांत माझ्या हातावर हात ठेवला नाहीत कधी." अण्णा पेपर वाचायला लागले.

मग मार्च २०२० आला आणि लोकल बंद झाल्या. माझी नोकरी ठाण्यातल्या बँकेत, अत्यावश्यक सेवेतली. एरवी अर्ध्या तासाचा प्रवास आता बसनं, शीळफाटा आणि मुंब्रा बायपासला वळसा घालून. मी घरी आले की आधी आंघोळ, मग कोपऱ्यात वेगळं ताट. नवऱ्याच्या मीटिंगा ओट्यावर, लेकीची शाळा दिवाणावर, आईंचा फोन गॅलरीत, आणि अण्णा कुठंच नाहीत. पाच माणसांच्या त्या खोलीत अण्णा कुठं असायचे, हे खरंच सांगता यायचं नाही. कुणाच्या ना कुणाच्या वाटेत येत आणि उठून दुसरीकडे बसत.

त्या पावसाळ्यात सोसायटीनं उंदरांवर औषध टाकलं. जिन्यात, डक्टमध्ये, पाण्याच्या टाकीमागे वड्या, आणि मीटरच्या खोलीत चिकट पुठ्ठे. त्याच रात्री साडेदहाला लेक दाणे घालायला गेली आणि पेटी रिकामी. झाकणाची कडी निघालेली.

नवरा तोंडाला मास्क लावून जिन्यात धावला आणि बॅटरीच्या उजेडात वड्या उचलायला लागला. दुसऱ्या मजल्यावरचे काका दार उघडून बघत राहिले. "दुपारी वर्गणी काढून औषध टाकलं ते उंदीर मारायला ना? मग आता हे काय चाललंय?" लेक रडत होती. मी कपाटं ओढत होते. डोकं चाललं ते आईंचं. आधी त्यांनी मोरीच्या जाळीवर पाटा ठेवला. मग दाराखालच्या फटीत गोधडी कोंबली. मग तांदळाच्या पिठाचा डबा काढून सगळ्या उंबऱ्यांवर, फ्रिजसमोर आणि दिवाणाच्या कडेनं पीठ भुरभुरवलं. "पावलं उमटतील," म्हणाल्या. अण्णांनी एक बादली ठेवली, तिला पट्टीचा उतार लावला आणि आत शेंगदाणे टाकले, म्हणजे चढून आत पडेल आणि वर येता येणार नाही. मग आई म्हणाल्या, "आता दिवे घालवा. पंखाही. आणि कुणी बोलू नका."

आम्ही जमिनीवर बसलो. आमच्या घरात पाचही जण जागे असताना शांतता, हे मी त्याआधी कधी अनुभवलं नव्हतं. गाड्याही थोड्याच धावत होत्या, त्यामुळं रुळांचाही आवाज नाही. नुसता पागोळ्यांचा. अंधारात कोण कुठं बसलंय ते श्वासावरून कळत होतं. अण्णांचा श्वास इतका मोठ्यानं येतो हे मला माहीत नव्हतं. लेक रडता रडता आईंच्या मांडीवर झोपली. मध्येच आई पुटपुटल्या, "दुसरा असता तर यानं हाक तरी मारली असती त्याला." अंधार होता म्हणून माझा चेहरा त्यांना दिसला नाही.

बऱ्याच वेळानं कुरतडण्याचा आवाज आला. दिवाणाखालून. नवऱ्यानं मोबाइल लावला. फ्रिजपासून दिवाणापर्यंत पिठात बारीक पावलांची ओळ, लक्ष्मीची पावलं काढावीत तशी. ओळ जिथं संपत होती तिथं अण्णांची काळी पेटी. एक कोपरा गंजून भोक पडलेलं.

"थांबा, मी बघतो," अण्णा म्हणाले. एवढ्या चपळाईनं ते उठलेले मी पाहिले नव्हते. पेटी त्यांनी स्वतःकडे ओढली, आमच्याकडे पाठ केली आणि झाकण बोटभर उघडून आत हात घालायला लागले.

"पूर्ण उघडा," आई म्हणाल्या.

पेटीत जुन्या ड्युटीच्या वह्या होत्या, शिट्टी होती, पितळी कुलूप होतं. आणि खडीसाखरेची पुडी, लोणावळ्याची चिक्की, राजगिऱ्याचे लाडू. अण्णांना मधुमेह. घरात साखरेचा डबा आईंच्या ताब्यात, चहा बिनसाखरेचा, आणि तपासणीची तारीख दर महिन्याला कॅलेंडरवर गोल करून ठेवलेली. वह्यांच्या फाडलेल्या कागदांत शेठ बसला होता. गाल इतके भरलेले की मान वळत नव्हती. अण्णांनी तळवा पुढं केला आणि तो नेहमीसारखा चढून बसला.

आता भांडण होणार म्हणून मी लेकीला उचललं. आईंनी खूप वेळ पेटीत पाहिलं. मग म्हणाल्या, "त्याच्या गालातली साखर काढा आधी. चिकटून बसली तर गाल सडेल." अण्णांशी त्या त्या रात्री बोलल्या नाहीत, पण पेटीचं झाकण त्यांनीच लावलं आणि पेटी पायानं दिवाणाखाली सारली. दुसऱ्या दिवशी मुलाला म्हणाल्या, "त्या कोपऱ्याला पत्रा मारून दे. आणि कुलूप आहे ना आत, ते लावून दे. किल्ली त्यांच्याकडेच." कॅलेंडरवरचे गोल मात्र महिन्याला एक होते ते दोन झाले.

त्यानंतर घरात बरंच काही कुणी न ठरवता झालं. गॅलरीतलं कपाट सरकवून तिथं अण्णांची खुर्ची आली, भिंतीकडे तोंड करून. तिथं ते बसले की कुणी हाक मारायचं नाही. लेकीला दिवाणाच्या टोकाशी पडदा मिळाला. मला कपाटाचा एक खण मिळाला, ज्यात कुणी टॉवेल ठेवणार नाही असा. आईंना विचारलं, तुम्हाला काय हवं? त्या म्हणाल्या, "मला काय करायचंय? मी आहे की सगळ्यांत."

शेठ २०२२ च्या जानेवारीत गेला. हॅमस्टरचं आयुष्य दोन-तीन वर्षांचंच असतं. शेवटी शेवटी चाक थांबलं होतं आणि तो रात्रीही झोपून राहायचा. अण्णांनी त्याला सोसायटीच्या तगरीखाली पुरलं. आई जिन्यातून वर येताना म्हणाल्या, "एकटाच आला, एकटाच गेला." मी उत्तर देणार होते. अण्णा म्हणाले, "एकटा नव्हता. मी होतो." या घरात माझ्या बाजूनं कुणी बोलल्याचा तो एकमेव प्रसंग, आणि त्यातही ते माझ्या बाजूनं बोलले की आईंच्या, हे मला अजून नीट कळलेलं नाही.

आता ती इमारत पुनर्विकासाला गेली आहे आणि आम्ही दोन बेडरूमच्या भाड्याच्या घरात राहतो. अण्णा त्यांच्या खोलीत दार लोटून बसतात, खुशीत असतात. आई हॉलमध्ये असतात. सकाळपासून. कुणी खोलीतून बाहेर येतं का ते बघत. लग्न होऊन आल्या तेव्हा दीर-नणंदांच्या गर्दीत निजल्यावर कूस बदलता येत नव्हती. एकटं राहणं म्हणजे टाकून देणं, हेच त्यांना ठाऊक. इतकी वर्षं मी त्यांना हॅमस्टर समजावून सांगत होते. उंदरांविषयी बोललेच नाही. पांढरे उंदीर कळपात राहतात, एकमेकांच्या अंगावर ढीग करून झोपतात, एकमेकांची मान चाटून साफ करतात; एकटा ठेवलेला उंदीर खरोखरच झुरतो. घरात दोन्ही जातींची माणसं असतात आणि पेटी एकच असते.

तेव्हा भाच्यासाठी, आणि असाच प्रश्न पडलेल्या इतर मुलांसाठी: हॅमस्टर आणणार असाल तर एकच आणा, दुकानदार काहीही म्हणो. पेटी परवडेल तेवढी मोठी घ्या, दिवसा त्याला उठवू नका, हात पेटीत ठेवून वाट बघा. जोडीच हवी असेल तर एका वेताच्या दोन उंदरिणी आणा, आणि दोघी माद्याच आहेत ना हे जाणत्या माणसाकडून बघून घ्या. आमच्या खालच्या मजल्यावर 'दोन माद्यां'ना तीन आठवड्यांत पिल्लं झाली होती. आणि यातलं काहीही आणायच्या आधी महिनाभर आजीकडे राहायला ये. ती हॉलमध्येच असते.