वाणीची उपासना

इंग्लंडच्या आग्नेय भागात रॉचेस्टर नावाचे एक जुने गाव आहे. तेथील विख्यात ख्रिस्तमंदिराच्या सेवेत असलेल्या एका धर्मोपदेशकाच्या घरातून, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, तासन्‌तास पियानोचे सूर ऐकू येत. वाजविणारी मुलगी म्हणजे त्यांची थोरली कन्या सिबिल थॉर्नडाइक. तिचा जन्म २४ ऑक्टोबर १८८२ चा. वयाच्या अकराव्या वर्षी तिने लोकांसमोर पियानोवादन केले. पुढे संगीताच्या शिक्षणासाठी ती आगगाडीने लंडनला जाऊ लागली. आपण मोठी वादक व्हायचे, याविषयी तिच्या मनात यत्किंचितही शंका नव्हती.

परंतु अतिश्रमाने तिच्या हाताला एक विचित्र व्याधी जडली. वाजविता वाजविता हात आखडे, बोटे ताठ होत आणि स्वरांवर चालेनाशी होत. उपचार झाले, विश्रांती झाली. गुण आला नाही. अखेर १८९९ साली, सोळा वर्षांच्या वयात, तिला वादक होण्याचा ध्यास सोडावा लागला. ज्या गोष्टीसाठी सारे बालपण वेचले, तीच हातातून निसटावी, आणि तीही आळसाने नव्हे तर अतिअभ्यासाने, यापरते दुःख कोणते!

तिचा धाकटा भाऊ रसेल नाटकाच्या मागे लागला होता. त्याने बहिणीलाही तोच मार्ग सुचविला. घरात लहानपणी भावंडांनी नाटके रचून केलेली होतीच. सिबिलने नाट्यशिक्षण घेतले आणि १९०४ साली बेन ग्रीट यांच्या मंडळीत ती दाखल झाली. ही मंडळी शेक्सपिअरची नाटके घेऊन अमेरिकेत गावोगाव फिरे. कित्येकदा उघड्या मैदानावरच खेळ होई. आज राजकन्या, उद्या दासी, परवा एखादा सेवक, अशा एकशे बारा भूमिका तिने तीन-चार वर्षांत केल्या. भूमिका लहान की मोठी, हे पाहण्यास तेथे सवडच नसे.

मोकळ्या हवेत, वाऱ्याशी झुंजत बोलण्याचा परिणाम व्हायचा तो झालाच. तिचा आवाज बसला. पूर्वी हात गेला होता. आता कंठही जातो की काय, अशी वेळ आली. वैद्यांनी तिला कित्येक आठवडे एक शब्दही न उच्चारण्याची आज्ञा केली. बोलक्या स्वभावाच्या त्या तरुणीने ती अक्षरशः पाळली. पियानोपुढे तासन्‌तास बसण्याची सवय येथे अशी कामी आली असेल काय? कसेही असो, त्या मौनानंतर परतलेला आवाज पुढे साठ वर्षे टिकला.

इंग्लंडात परतल्यावर विख्यात नाटककार बर्नार्ड शॉ यांच्या ‘कँडिडा’ या नाटकात मुख्य नटीच्या गैरहजेरीत उभे राहण्यासाठी तिची तालीम पाहिली गेली. शॉ म्हणजे तिखट जिभेचा माणूस. घरी जा, संसार कर, चार मुले होऊ देत, मग ही भूमिका तुला उत्तम जमेल, असे त्यांनी तिला सांगितले. सिबिलने ते हसून घेतले. १९०८ साली लुइस कॅसन या नटाशी तिचा विवाह झाला, तिला खरोखरच चार मुले झाली, आणि १९२० साली तिने कँडिडाची भूमिका केली!

१९१४ साली महायुद्ध पेटले. त्या सुमारास सिबिलबाई लंडनच्या ‘ओल्ड व्हिक’ या नाट्यगृहात काम करू लागल्या. कष्टकरी वस्तीतल्या या नाट्यगृहात स्वस्त दरात उत्तम नाटके दाखवावीत, असा त्याच्या संचालिका लिलियन बेलिस यांचा हट्ट. तरुण नट सैन्यात गेले, तेव्हा पुरुषांच्या भूमिका सिबिलबाईंकडे आल्या. राजपुत्र झाले, विदूषक झाले, ‘किंग लिअर’मधला तो शहाणा खुळाही झाला. एके संध्याकाळी शत्रूची विमाने शहरावर आली. भुयारी रेल्वेच्या स्थानकात लोकांनी बाईंना बाहेर पडू नका म्हणून अडविले. त्या निसटून धावत नाट्यगृहात पोहोचल्या. तेथे त्यांचे कौतुक होण्याऐवजी उशीर झाल्याबद्दल बेलिसबाईंकडून बोलणीच खावी लागली! १९१७ साली बाईंचा एक भाऊ याच युद्धात कामी आला. रंगभूमीची सेवा मात्र चालूच राहिली.

पुढे शॉ यांनी एका नाटकातील न्यायालयाच्या प्रवेशात बाईंना पाहिले आणि आपल्या मनातली जोन त्यांना सापडली. फ्रान्सला मुक्त करण्यासाठी शस्त्र हाती धरणारी आणि अखेर जिवंत जाळली गेलेली ती खेड्यातली पोर. ‘सेंट जोन’ हे नाटक २६ मार्च १९२४ रोजी लंडनच्या न्यू थिएटरात झाले. जोनचे वय एकोणीसच्या आत, बाईंचे एकेचाळीस. पण न्यायासनापुढे त्या उभ्या राहून बोलू लागल्या की प्रेक्षकांना वयाचा विसर पडे. त्या वेळी या नाटकाचे दोनशेहून अधिक प्रयोग झाले. १९३१ साली राजाने त्यांना ‘डेम’ हा किताब दिला.

चित्रपटांतही त्यांनी कामे केली. १९२८ सालच्या ‘डॉन’ या चित्रपटात त्या युद्धकाळातील परिचारिका एडिथ कॅव्हेल झाल्या. पण तो मूकपट! ज्यांचे सारे ऐश्वर्य वाणीत, त्यांना तेथे मुकेच राहावे लागले. १९५७ च्या ‘द प्रिन्स अँड द शोगर्ल’मध्ये मेरिलिन मन्रो ही तरुण नटी त्यांच्याबरोबर होती. ती वेळेवर येत नसे, म्हणून सारे तिच्यावर त्रासत. वृद्ध सिबिलबाईंनी मात्र मोकळ्या मनाने सांगितले की, कॅमेऱ्यापुढे कसे वागावे हे आपणा सर्वांत तिलाच ठाऊक आहे. त्यांचे चित्रपट आज फारसे कोणी पाहत नाही. त्यांचे खरे घर रंगभूमीच.

आणि रंगभूमी म्हणजे लंडनमधलीच असे नव्हे. दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, अठ्ठावन्नाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर असलेल्या बाई पतीसह वेल्स प्रांतातील कोळशाच्या खाणींच्या खेड्यांत ‘मॅकबेथ’ घेऊन गेल्या. खाणकामगारांच्या सभागृहात खेळ व्हावयाचा. तेथे ना मोठा रंगमंच, ना भारी पडदे, ना मनाजोगते दिवे. दिवसभर जमिनीच्या पोटात राबून आलेली माणसे बाकांवर दाटीने बसत आणि स्तब्ध होऊन ऐकत. नेपथ्य नसले म्हणून काय झाले? शब्द होते, आणि ते शेवटच्या बाकापर्यंत पोहोचविणारा कंठ होता.

१९६९ साली लुइस कॅसन निवर्तले. साठ वर्षांचा सहवास संपला. त्याच वर्षी लेदरहेड गावी बाईंच्या नावाचे नवे नाट्यगृह उघडले. त्यात पहिल्याच नाटकात शहाऐंशी वर्षांच्या सिबिलबाई एका भटक्या, बेघर म्हातारीच्या भूमिकेत उभ्या राहिल्या. एव्हाना संधिवाताने शरीर ठणकत असे. ती त्यांची रंगभूमीवरील शेवटची भूमिका.

फेब्रुवारी १९७६ मध्ये ओल्ड व्हिकमध्ये बेलिसबाईंच्या स्मरणार्थ एक कार्यक्रम झाला. त्या रात्री त्र्याण्णव वर्षांच्या सिबिलबाई चाकांच्या खुर्चीतून तेथे आल्या होत्या. त्यांना पाहताच सारे प्रेक्षागृह टाळ्यांनी दुमदुमले. पुढे चारच महिन्यांनी, ९ जून रोजी, त्यांचे देहावसान झाले. ज्या नाट्यगृहात विमानांच्या घरघरीतही त्यांनी आपले शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचविले होते, तेथे त्या रात्री त्या प्रेक्षकांत बसून होत्या आणि नव्या पिढीचे नट रंगमंचावर बोलत होते.