दाखला

१ मे २०२५ ला आपल्या विदर्भ कोकण ग्रामीण बँकेचं नाव संपलं. 'एक राज्य, एक ग्रामीण बँक' या धोरणात देशातल्या ४३ ग्रामीण बँकांच्या २८ झाल्या, आणि नागपूरला मुख्य कार्यालय असलेली ही बँक महाराष्ट्र ग्रामीण बँकेत गेली. मुख्य कार्यालय आता छत्रपती संभाजीनगरला. आधीची प्रायोजक बँक ऑफ इंडिया होती, आता बँक ऑफ महाराष्ट्र. म्हणजे नुसती पाटी बदलून भागणार नव्हतं, खाती एका घरातून दुसऱ्या घरात न्यायची होती.

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या बाईंचं गावाकडे याच बँकेत खातं. त्यांनी विचारलं, "गुरुजी, तिकडं जाता जाता माह्ये पैसे कमी तं नाही होनार ना?"

हसण्यासारखा प्रश्न नाही हा. मी त्यांना शाळेच्या दाखल्याचं उदाहरण दिलं. मूल दाखला घेऊन दुसऱ्या शाळेत जातं, तिथे दाखलखारीज रजिस्टरात त्याला नवा क्रमांक मिळतो. पण नाव आणि जन्मतारीख दाखल्यावर असेल तीच उतरते. सर्व्हरचंही तसंच. खाते क्रमांक बदलू शकतो, पण शिल्लक, सही, मोबाइल नंबर, दरमहा कापायचे हप्ते, वारसाचं नामनिर्देशन हे सगळं सोबत जायला हवं. त्यासाठी व्यवहार थोडा वेळ थांबवतात आणि जुनीकडची व नवीकडची खात्यांची संख्या आणि रकमेची बेरीज ताडून बघतात. आम्ही पटसंख्या ताडायचो, तसंच!

मात्र उतरवणारा फक्त उतरवतो, खरं-खोटं करत नाही. माझ्या पिढीतल्या कितीतरी जणांचा वाढदिवस गुरुजींनी १ जुलै ठरवून टाकला. तीच तारीख मॅट्रिकला, नोकरीत, पेन्शनमध्ये आणि आता आधार कार्डावर. या बँकेचंच बघा ना. २०१३ मध्ये वैनगंगा कृष्णा ग्रामीण बँक आणि विदर्भ क्षेत्रीय ग्रामीण बँक मिळून ती झाली. नाव बदललं, पण तिच्या आयएफएससी कोडात वैनगंगेची अक्षरं पुढेही वर्षानुवर्षे वाहत राहिली :)

म्हणून बाईंना म्हटलं, पैशाची काळजी नको, पासबुक आणा. नामनिर्देशनात नवऱ्याचं नाव निघालं. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. यंत्राला ते कुठून कळणार? त्याने ते नाव इमानेइतबारे नव्या घरी नेलं असतं.

"बदलून घ्या," मी म्हटलं.

"राहू द्या नं त्याईचं नाव," बाई म्हणाल्या. मी काही बोललो नाही. दोन पोळ्या लाटून झाल्यावर म्हणाल्या, "पोरीचं टाका."

फॉर्म साधा असतो. पुढच्या आठवड्यात त्या गावी गेल्या, तो भरून दिला आणि पोचपावती घेऊन आल्या. पावती घ्यायला मीच बजावलं होतं.

मंडळी, १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत व्यक्तींची नावं लावता येतात. आपल्या घरात अशी किती खाती आहेत, ज्यांवर गेलेल्या माणसाचं नाव अजून तसंच आहे? या रविवारी सगळ्यांची पासबुकं काढून बघा. पुण्याच्या भाचेमंडळींना हे खास सांगणं आहे!