इंदूर ते पुणे : सरळ रेषेत

इंदूरहून पुणे किती दूर, हा प्रश्न आम्हां इंदूरकर मराठी कुटुंबांत वरचेवर निघतो आणि त्याचे उत्तर कोण कशाने जाणार यावर ठरते. सडकेने, सेंधवा-धुळे मार्गे, अंतर सहाशे किलोमीटरांच्या आसपास भरते. आगगाडीने ते साडेनऊशेच्याही पुढे जाते. कारण पुण्यास निघालेली गाडी आधी पुण्याकडे पाठ करून उत्तरेस उज्जैनला जाते आणि मग रतलाम, बडोदे, सुरत, वसई, लोणावळा अशी प्रदक्षिणा घालून सुमारे सोळा तासांनी पोहोचते. आकाशातले अंतर मात्र अवघे ५०० किलोमीटर आहे. (गंमत अशी, की मुंबईही आकाशमार्गे जवळजवळ तेवढीच दूर.)

ताशी ८०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या जेट विमानास एवढे अंतर कापावयास चाळीस मिनिटेही नकोत. तरी वेळापत्रक सव्वा तासाच्या आसपास वेळ सांगते. हा हिशेब विमान जागचे हलल्यापासून पुन्हा जागेवर उभे राहीपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत रांगत जाणे, वर चढणे, खाली उतरणे यांत पूर्ण वेग थोडाच वेळ मिळतो. शिवाय लोहगाव हा हवाई दलाचाही तळ; तेथे पाळी येईपर्यंत थांबणे आले.

बिजासनजवळच्या विमानतळावर दीड-दोन तास आधी हजर होणे आणि लोहगावहून कोथरूडचे घर गाठणे मिळविले, म्हणजे घर ते घर पाच तास सहज होतात. रात्री अकराला पुण्याहून आजोबांची प्रकृती खालावल्याचा निरोप येतो, तेव्हा सव्वा तास हा आकडा काही कामाचा नसतो. उद्याचे विमान किती वाजता, हेच खरे अंतर. ते दुपारनंतर असेल तर तत्काळ मोटार करून निघावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ओळखीच्या एका घरी थोरल्याने विमानाची वाट पाहिली, धाकट्याने रात्रीच मोटार काढली. वडिलांची शेवटची भेट धाकट्यासच झाली.

नकाशावर इंदूर आणि पुणे यांना जोडणारी रेघ ओढून पाहावी. ती महेश्वर, अमळनेर आणि शिर्डी यांच्या लगतून जाते. अहिल्याबाईंची राजधानी, साने गुरुजी जेथे शिकवीत ते गाव आणि साईबाबांचे स्थान एका रेषेत! विमान नेमके याच रेघेवरून जाते असे नव्हे. पण दसऱ्यानंतरच्या निरभ्र सकाळी खाली दिसतो तो मुलूख हाच. विंध्याचा कडा संपून निमाड लागते, नर्मदा चकाकून जाते, मग सातपुड्याच्या सुरकुत्या आणि पलीकडे तापीचे काळेभोर खोरे. अठराव्या शतकात पेशव्यांच्या फौजांना माळव्यात यावयास हेच सारे ओलांडावे लागे आणि त्यात आठवडे जात. सकाळचे ऊन डावीकडून येते, म्हणून पुण्यास जाताना उजवीकडची खिडकी मागून घ्यावी.

आमच्या एका मावशींनी पहिल्या विमानप्रवासात सवयीने नर्मदेसाठी नाणे काढले. खिडकी उघडत नाही हे कळल्यावर त्यांनी हात जोडले आणि नाणे रुमालाच्या गाठीत बांधले. आगगाडीच्या वाटेवर नर्मदा भेटते ती भडोचला, तीही रात्री, सारा डबा निजलेला असताना. इंदूर-मनमाड या ३०९ किलोमीटरांच्या नव्या लोहमार्गास केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली आहे. तो झाला म्हणजे बडोद्याची प्रदक्षिणा चुकेल. मावशींचे नाणे मात्र महिन्याने, सडकेने परतताना, खलघाटच्या पुलावरून नदीत पडले.