गच्चीला सातबारा नसतो

नाशिककराला फळाचं अप्रूप वाटणं कठीण. ज्या गावात पाहुण्यापुढे द्राक्षांची बशी ठेवली तर तो ‘आत्ताच घरून खाऊन आलो’ म्हणतो, तिथे गच्चीवर फळझाड लावायचं तर ते आळीत दुसऱ्या कोणाकडे नसलेलंच हवं. म्हणून मी ड्रॅगन फ्रूट निवडलं. या फळाचा ड्रॅगनशी संबंध नाही. ते मूळचं मध्य अमेरिकेतलं. गुजरात सरकारने २०२१ च्या जानेवारीत त्याचं ‘कमलम’ असं बारसं केलं, पण कमळाशीही त्याचं नातं नाही. तो आहे निवडुंग. अर्थात ‘गच्चीवर निवडुंग लावतोय’ असं सांगून कुठल्याही घरात परवानगी मिळत नाही, म्हणून घरात ‘ड्रॅगन’ हेच नाव ठेवलं.

परदेशी झाड म्हटलं की हरितगृह हवंच, अशी आमच्या आळीची समजूत. वास्तविक हरितगृह ही इंग्रजाची गरज. त्याच्याकडे ऊन रेशनवर मिळतं. अठराव्या शतकात तिथल्या उमरावांनी शेगड्यांनी तापवलेल्या काचघरांत अननस पिकवले आणि ते खाण्यापेक्षा टेबलावर मिरवले. काचेतून ऊन आत येतं, तापलेली हवा बाहेर पडत नाही, एवढंच त्यातलं रहस्य. आता नाशिकला एप्रिलात पारा चाळिशीला टेकतो. त्यात आणखी ऊन कोंडायचं म्हणजे इडलीपात्रात भाडेकरू ठेवण्यासारखंच. शिवाय २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट या जिल्ह्यात कोणी विसरलेलं नाही. काच बाद!

शेजारचे निवृत्त इंजिनिअर पॉलिहाऊसच्या बाजूने होते. “दिंडोरी तालुक्यातले गुलाब पॉलिहाऊसमध्ये राहतात, तुम्ही कोण लागून गेलात?” असा त्यांचा सवाल. लोखंडी पाइपांचा सांगाडा, त्यावर दोनशे मायक्रॉनचा प्लास्टिक कागद, वर सरकारी अनुदान. कागदावर सगळं चोख होतं. फक्त अनुदानाला सातबारा लागतो, आणि गच्चीला सातबारा नसतो.

शेवटी पिंपळगावचा मावसभाऊ आला. हा पिढीजात द्राक्षवाला. त्याने गच्चीभर नजर फिरवली आणि म्हणाला, “दादा, निवडुंगाला घर कशाला बांधता? अर्धा कापलेला ड्रम घ्या, मधोमध खांब रोवा, खांबाच्या डोक्यावर जुना टायर अडकवा. तो चढेल आणि टायरवरून खाली लोंबेल. पाणी बेताचं. फक्त एप्रिल-मेमध्ये वर शेडनेट टाका, नाहीतर फांद्या उन्हाने पिवळ्या पडतात.”

इथे खरा पेच पडला. एप्रिल-मे म्हणजे वाळवणाचे दिवस. ज्या उन्हाने माझ्या फांद्या पिवळ्या पडणार, त्याच उन्हात सौ.च्या कुरडया वाळणार. गच्ची एक, सूर्य एक आणि हक्कदार दोन!

“अहो, तुमचा ड्रॅगन सावलीत बसणार आणि माझे पापड?” तिने विचारलं. या प्रश्नाला उत्तर नसतं. तीस वर्षं ज्या गच्चीवर तिचं राज्य, तिथे मी निवृत्त झाल्या झाल्या ड्रम घेऊन घुसलो होतो. तोडगाही तिनेच काढला. पडद्याच्या जुन्या कड्या तिने शेडनेटला शिवल्या आणि नेट तारेवर ओवलं. सकाळी पडदा पापडांच्या बाजूने, दुपारी ड्रॅगनच्या. असं सरकतं हरितगृह अननसवाल्या उमरावांनाही सुचलं नसतं.

दुसऱ्या वर्षी, जुलैत, पहिली कळी आली. हे फूल रात्री उमलतं आणि सकाळी मान टाकतं. त्याच्या मुलखात पतंग आणि वटवाघळं परागीकरण करतात. आमच्याकडे ते काम मी केस काळे करायच्या ब्रशावर सोपवलं होतं. रात्री नऊच्या सुमारास वीतभराहून मोठं, पांढरंशुभ्र फूल उघडलं आणि कसं कोण जाणे, बातमी आळीभर पसरली.

आपल्याकडे ज्याला आपण हौसेने ब्रह्मकमळ म्हणतो तोही निवडुंगच, याचा चुलतभाऊ. त्यामुळे बायका हळदकुंकू घेऊनच वर आल्या. इंजिनिअर बॅटरी घेऊन आले. दोन वर्षं पाण्याच्या टाकीवरून एकमेकांशी न बोलणारी दोन घरं एकाच ड्रमभोवती वाकली. मी ब्रश घेऊन वाट काढत होतो, तेवढ्यात समोरच्या आजी म्हणाल्या, “एवढं सुंदर फूल, देवालाच वाहायला हवं. तोड रे बाळा.”

सगळे थांबले. आजी नव्वदीच्या, त्यांना नाही कोण म्हणणार? मी ब्रश पाठीमागे धरून उभा. तेव्हा सौ. पुढे झाली. “आजी, हळदकुंकू वाहा,” ती म्हणाली, “पण तोडायचं नाही. आमचं फळ धरायचंय.”

‘तुमचं’चं ‘आमचं’ झालेलं मी बॅटरीच्या उजेडात ऐकलं. मग ब्रशही तिनेच घेतला. माझा हात थरथरतो म्हणाली.

महिन्याभराने फळ तयार झालं. बाहेरून गुलाबी थाट, आत पांढरा गर आणि तीळ पसरल्यासारख्या बिया. त्या रात्री हजर असलेल्या प्रत्येकाच्या नावाने फोड झाली, म्हणजे चौदा फोडी. पहिली देवापुढे, दुसरी आजींना. त्यांनी सावकाश चघळली.

“कशी आहे?” मी विचारलं.

“गार आहे,” आजी म्हणाल्या, आणि सौ.कडे वळून त्यांनी यंदाच्या कुरडया संपल्या का ते विचारलं.