वांद्रे-कुर्ला संकुलातील एक सकाळ

मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात आपण सहसा कामाशिवाय जात नाही. मिठी नदीच्या काठची ही जागा मुळात दलदलीची आणि खाजणाची. तेथे भराव पडला, रस्ते आखले गेले, मग बँका, हिऱ्यांचा बाजार आणि शेअर बाजार उभे राहिले. काचेच्या इमारतींच्या या वस्तीत अमेरिकेचा वाणिज्य दूतावास २०११ मध्ये आला. त्यापूर्वी तो ब्रीच कँडीला समुद्राकाठच्या लिंकन हाऊसमध्ये होता. तो मूळचा वांकानेरच्या महाराजांचा राजवाडा. तेथे पदपथावर भर पावसात छत्री सावरत उभे राहिल्याच्या आठवणी आपल्यापैकी काहींच्या असतील.

आता रांग वांद्र्याच्या पूर्वेला लागते. सकाळी सातच्या सुमारास तेथे पोहोचलात, तर समोरचे दृश्य थोडा वेळ निरखून पाहावे. विद्यार्थी झपझप येतात, ओठांशी उत्तरे पुटपुटत असतात. पर्यटनासाठी निघालेले आपसांत हसतात. आणि मधूनच एखादे कुटुंब दिसते, ज्याच्या हातातील फाइल बाकीच्यांपेक्षा तिप्पट जाड असते. जन्माचे दाखले, लग्नाचे फोटो, पोलिसांचे प्रमाणपत्र, बँकेची कागदपत्रे. ही कायमच्या वास्तव्याला निघालेली माणसे. त्यांच्यापैकी कित्येकांची रांग त्या सकाळी सुरू झालेली नसते. ती पंधरा-वीस वर्षांपूर्वी सुरू झालेली असते.

२०२५ च्या मार्चमध्ये मी तेथे गेले, ती डोंबिवलीच्या माझ्या दवाखान्यातील एका जुन्या रुग्ण दांपत्यासोबत. गृहस्थ सहासष्ट वर्षांचे, बँकेतून निवृत्त झालेले. पत्नी त्रेसष्ट वर्षांच्या. गृहस्थांची धाकटी बहीण न्यू जर्सीत राहते. अमेरिकेचे नागरिकत्व मिळाल्यावर तिने भावासाठी अर्ज केला, तो २००६ च्या फेब्रुवारीत. त्या वेळी भाऊ सत्तेचाळीस वर्षांचा होता आणि त्याचा मुलगा नऊ वर्षांचा. अर्ज मुख्यतः त्या मुलाच्या भवितव्यासाठी होता, असे दोघेही मोकळेपणाने सांगतात.

एवढा काळ का लागतो, हे अनेक ज्येष्ठांना कोणी नीट समजावून सांगितलेले नसते. अमेरिकन नागरिकाच्या आई-वडिलांना संख्येची मर्यादा नाही, त्यामुळे त्यांचे काम तुलनेने लवकर होते. भावंडांची गोष्ट निराळी. त्यांच्यासाठी साऱ्या जगात मिळून वर्षाला सुमारे ६५,००० व्हिसा ठेवलेले आहेत आणि त्यांत भावंडाचा जोडीदार व मुलेही मोजली जातात. शिवाय एका देशाला एकूण सात टक्क्यांहून अधिक वाटा मिळू नये, असा नियम आहे. भारतातून अर्ज पुष्कळ. म्हणून रांग लांबते. दर महिन्याला एक पत्रक निघते आणि त्यात कोणत्या तारखेपर्यंतच्या अर्जांची पाळी आली आहे ते छापलेले असते. ती तारीख कधी दोन आठवडे पुढे सरकते, कधी महिनोन्‌महिने हलत नाही, क्वचित मागेही जाते. कॅनडात पालकांच्या अर्जांसाठी चिठ्ठ्या काढल्या गेल्या आहेत, ऑस्ट्रेलियात पालकांची साधी प्रतीक्षा दशकांत मोजतात. देश बदलला तरी घरातील वातावरण सारखेच असते.

डॉक्टर म्हणून मला रस आहे तो या वातावरणात. किती काळ थांबायचे हे ठाऊक असेल, तर माणूस बरेच सोसतो. नऊ महिने, दहावीचे वर्ष, प्लास्टर काढण्याचे सहा आठवडे, हे सारे आपण बोटांवर मोजत निभावतो. पण ज्याचा शेवट दिसत नाही अशा प्रतीक्षेत माणूस हळूहळू चालू आयुष्यालाच तात्पुरते मानू लागतो. 'तिकडे गेल्यावर बघू' हे वाक्य मी या घरातून किती वेळा ऐकले असेल, त्याची गणती नाही.

या दांपत्याच्या घरी २००६ नंतर रंग लागला नव्हता. न्हाणीघरातील एक फरशी फुटून निसटली होती. जायचेच आहे, तर कशाला खर्च, म्हणून ती तशीच राहिली. कठड्याला धरायला दांडी नव्हती. २०१९ च्या पावसाळ्यात त्या तेथे घसरल्या आणि मनगटाचे हाड मोडले. उजव्या हाताचे. प्लास्टर निघाल्यावरही पोळी लाटताना मनगट दुखते, म्हणून आजही घरात पोळ्या विकत येतात. साधारण पाचशे रुपयांची फरशी होती ती.

गृहस्थांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत होता. वर्तमानपत्र वाचणे त्यांनी सोडले आणि कारण विचारले, तर म्हणाले, 'आता त्यात काही राम नाही, डॉक्टरबाई.' राम बातम्यांत नव्हता की डोळ्यांत, हे ठरवायला एक साधी तपासणी पुरली. शस्त्रक्रिया अमेरिकेत करू, तिकडचे डॉक्टर चांगले, असा त्यांचा बेत होता. मी त्यांना खर्चाची बाजू समजावून सांगितली, आणि ती आपणही लक्षात ठेवावी अशी आहे. अमेरिकेतील ज्येष्ठांची सरकारी आरोग्ययोजना, मेडिकेअर, वयाची पासष्टी ओलांडून नव्याने स्थायिक झालेल्या माणसाला लगेच मिळत नाही. स्वतः काम करून किंवा जोडीदाराच्या कामामुळे हक्क निर्माण झाला नसेल, तर कायम रहिवासी म्हणून सलग पाच वर्षे तेथे राहिल्यानंतरच, हप्ता भरून, तिच्यात शिरता येते. तोवर खासगी विमा, नाहीतर मुलाबाळांचा किंवा भावंडांचा खिसा. दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया त्यांनी २०२२ मध्ये ठाण्यात करून घेतली.

याच कारणासाठी येथील आरोग्यविमा बंद पडू देऊ नये. जाणारच आहोत, असे म्हणून दोन हप्ते चुकवले आणि पॉलिसी संपली, तर नवी घेताना मधुमेह, रक्तदाब यांसारख्या जुन्या आजारांसाठी पुन्हा तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. विमान सुटेपर्यंत हप्ता भरत राहावे. गेल्यावरही, परत येण्याची शक्यता मनात असेल, तर घाईने पॉलिसी मोडू नये. मी पाहिलेल्यांपैकी बरेच जण परत येतात. थंडी, एकटेपणा आणि गाडी चालवता न येणे ही तीन कारणे मला वारंवार ऐकू येतात.

व्हिसाची वैद्यकीय तपासणी आपला नेहमीचा डॉक्टर करू शकत नाही. ती दूतावासाने नेमलेल्या डॉक्टरांकडेच होते. पण तिची तयारी आपल्या डॉक्टरकडे बसून करता येते. औषधांची पूर्ण यादी, जुन्या शस्त्रक्रियांची कागदपत्रे, लसीकरणाच्या नोंदी एकत्र कराव्यात. आणि कधी काळी क्षयरोग होऊन बरा झाला असेल, तर त्या उपचारांचा कागद व जुना एक्स-रे जिवापाड जपावा. या बाईंना १९८८ मध्ये क्षय झाला होता. उपचार पूर्ण झाले, त्यानंतर खोकला म्हणून नाही. पण तपासणीत छातीच्या एक्स-रेवर जुना व्रण दिसला. तुलनेला आधीचा एक्स-रे नव्हता. तो घर बदलताना गेला. मग तीन सकाळी थुंकीचे नमुने आणि त्यांच्या कल्चरच्या अहवालासाठी सुमारे दोन महिने. अहवाल निर्दोष आला. पण एकोणीस वर्षे शांत राहिलेल्या बाई त्या दोन महिन्यांत झोपेविना गेल्या. रात्री दोनला उठून ओट्यावर बसत. जंतू पाहण्याची ही पद्धत संथ आहे, कारण क्षयाचा जंतूच संथ वाढतो. विलंब म्हणजे संशय नव्हे, हे मी त्यांना दर आठवड्याला नव्याने सांगत असे.

मुलाखतीच्या दिवशीची एक गोष्ट येथेच सांगते. बाहेर थांबलेल्या ज्येष्ठांशी बोलताना मला तीन जण असे भेटले, ज्यांनी सकाळची लघवीची गोळी घेतली नव्हती आणि पाणीही प्यायले नव्हते. आत गेल्यावर स्वच्छतागृह मिळेल का, ही भीती. मार्चच्या उन्हात, हृदयविकाराच्या किंवा रक्तदाबाच्या रुग्णाने असे करणे घातक आहे. गोळीची वेळ त्या दिवसापुरती पुढे-मागे करता येते का, हे आठवडाभर आधी आपल्या डॉक्टरला विचारावे. मधुमेहींनी उपाशी जाऊ नये. नेहमीची न्याहारी, नेहमीची गोळी. मोबाइल आत नेऊ देत नाहीत, तेव्हा बाहेर आपला माणूस नेमका कोठे उभा राहणार, हे आधी ठरवून ठेवावे. डोंबिवलीहून आम्ही गाडीने कुर्ल्याला उतरलो आणि रिक्षा केली. भूमिगत मेट्रोचे स्थानकही आता तेथे आहे. आरेकडून येणाऱ्यांची त्याने सोय झाली.

बाहेर थांबलेल्यांत एक आजी होत्या, नाशिकच्या. मुलगी-जावई आत होते. त्या हातात जपमाळ घेऊन पदपथाच्या कडेला बसल्या होत्या. हैदराबादजवळच्या चिलकूरच्या बालाजीला नवस बोलला आहे, म्हणाल्या. तेथे नवस करताना अकरा प्रदक्षिणा घालतात आणि इच्छा पुरी झाली की एकशे आठ. एकशे आठ प्रदक्षिणांना गुडघे साथ देतील का, हे विचारण्याचा मोह मी आवरला नाही. 'त्यासाठी रोज चालायला लागले आहे,' असे उत्तर मिळाले. प्रतीक्षेतून निघालेला इतका चांगला उपचार मी कोणाला लिहून दिलेला नाही.

सर्वांनाच अशी वाट सापडत नाही. ज्येष्ठांचे नैराश्य अनेकदा रडण्यातून दिसत नाही. अंग दुखते, भूक लागत नाही, पहाटे तीनला जाग येते, नावे आठवत नाहीत, अशा तक्रारींतून ते डोकावते. घरातील सुनांनी, मुलींनी, मुलांनी हे ओळखावे. पत्रक महिन्यातून एकदाच निघते, तेव्हा ते महिन्यातून एकदाच, एकाच व्यक्तीने पाहावे. रोज संगणक उघडून तारीख हलत नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास असेल, तर डॉक्टरांना सांगावे. केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही दूरध्वनीसेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे आणि तेथे मराठीतून बोलता येते. सांभाळणाऱ्यांनाही ती खुली आहे, आणि या रांगेत त्यांचे हाल कमी नाहीत.

आता त्या मुलाविषयी. तो आज अठ्ठावीस वर्षांचा आहे, पुण्यात नोकरी करतो. भावंडांच्या अर्जात मुलांना सोबत नेता येते, पण एकवीस वर्षांखालील अविवाहित असतील तरच. अर्ज मंजूर व्हायला लागलेला काळ वयातून वजा करण्याची सवलत कायद्यात आहे; तेवढी वजाबाकी करूनही त्याचे वय जास्त भरते. म्हणजे ज्याच्यासाठी अर्ज केला, तोच गाडीतून उतरला. आई-वडील तेथे स्थायिक होऊन त्याच्यासाठी नवा अर्ज करू शकतात, पण ती आणखी एक रांग, आणि तो अविवाहित राहिला तरच तिला अर्थ. कुटुंब एकत्र यावे म्हणून मांडलेला हा सारा खटाटोप आता कुटुंबाचे दोन भाग करणार होता. रांगेतील जवळजवळ प्रत्येक घरात वयाची अशी वजाबाकी कधीतरी मांडावी लागते. ती पहिल्या पाच वर्षांतच मांडावी, आणि मुलांच्या शिक्षणाचे, लग्नाचे निर्णय तिच्यावर टांगून ठेवू नयेत. बहिणीच्या किंवा भावाच्या प्रकृतीचाही विचार त्यात यावा: अर्ज करणारी व्यक्ती दगावली, तर अर्ज सहसा रद्द होतो.

साडेदहाच्या सुमारास दोघे बाहेर आले. पासपोर्ट आत ठेवून घेतले होते, म्हणजे काम झाले होते. तरी कोणाच्या चेहऱ्यावर आनंद मावत नाही असे काही दिसले नाही. बाईंनी आधी पाणी मागितले. मग पतीला म्हणाल्या, 'सहा महिने राहून येऊ. वन्संना भेटू. पुढचे तिथे बसून ठरवू.' कायम वास्तव्याचा परवाना असा ये-जा करण्यासाठी नसतो, वर्षभराहून जास्त बाहेर राहिले तर तो जाऊ शकतो, हे त्यांना ठाऊक होते. ठाऊक असूनच त्या बोलल्या.

परतीच्या गाडीत गृहस्थांनी खिडकीशी बसून वर्तमानपत्र वाचले. जूनमध्ये ते दोघे गेले. जाण्यापूर्वी, एप्रिलमध्ये, त्यांनी घराला रंग दिला, न्हाणीघराची फरशी बदलली आणि भिंतीला धरायला स्टीलच्या दोन दांड्या बसवून घेतल्या. मुलगा शनिवार-रविवारी पुण्याहून येऊन तेथे राहतो. दांड्या कोणासाठी, असे सुताराने विचारले तेव्हा बाई म्हणाल्या, 'आमच्यासाठी.'