एका बिलातल्या अटी

उल्हासनगर जीन्ससाठी ओळखलं जातं. कॅम्प ४ मधली एक प्रोग्रामर तिथल्याच एका कपड्यांच्या दुकानाचा बिलिंगचा कोड वाचते आहे. एकच मेथड, पानंच्या पानं. किंमत, सूट, उधारी, परत आलेला माल, कर. सगळं एकात एक अडकलेल्या ‘इफ’मध्ये.

२२ सप्टेंबर २०२५ ला कपड्यांवरचा जीएसटी बदलला. आधी नगाला १,००० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १२ होता. आता २,५०० पर्यंत ५ आणि त्यावर १८. नियम दोन ओळींचा. पण कोडमध्ये तो विक्रीत, परताव्यात आणि सवलतीत वेगवेगळा लिहिलेला असेल, तर एखादी जागा हमखास सुटते.

ही गुंतागुंत मोजता येते. थॉमस मॅककेब यांनी १९७६ मध्ये मांडलेलं माप सोपं आहे: मेथडमधले निर्णय मोजायचे आणि त्यात १ मिळवायचा. १० ही त्यांनी सुचवलेली मर्यादा. मात्र आकडा सगळं सांगत नाही. ओळीने मांडलेले दहा सरळ पर्याय सहज वाचता येतात. एकात एक शिरलेल्या चार अटी दमवतात.

म्हणून त्या अटी सोडवायला घेताना ती आधी जुन्या बिलांवरून चाचण्या लिहिते. मग कराचा नियम ‘करदर’ नावाच्या छोट्या मेथडमध्ये काढते. त्यात किंमत जाते आणि बिलाची तारीखही, कारण जुन्या बिलाला जुनाच दर लागतो. रिकाम्या बिलाची अट ती अगदी वर आणते, म्हणजे बाकीचा कोड तिच्या आत अडकत नाही.

प्रत्येक बदलानंतर चाचण्या पुन्हा चालतात. रक्कम एका पैशानेही हलता कामा नये. एकूण निर्णय फारसे घटत नाहीत, पण एका वेळी डोक्यात धरायचे घटतात. पुढच्या करबदलाला नवख्या सहकाऱ्याला एकच जागा शोधावी लागेल, आणि त्याचा वाचणारा वेळ तिला मोलाचा वाटतो.